अभिजात चित्रपट पाहायचा कसा, आणि मत द्यायचं केव्हा

फिल्म सोसायटीच्या खेळानंतर चर्चेला बसलं की पहिल्या पाच मिनिटांत तीन शब्द येणार हे ठरलेलं असतं: ‘संथ’, ‘काव्यात्म’ आणि ‘अप्रतिम’. नेमका कुठल्या प्रसंगात संथ वाटला, असं विचारलं की शांतता पसरते. बोलणारी माणसं चांगली जाणकार असतात, पुस्तकं वाचणारी, नाटकं पाहणारी. त्यांचा घोटाळा होतो तो क्रमात. मत आधी तयार होतं आणि पाहणं मागे राहतं.

हा क्रम सुधारता येतो. त्यासाठी जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूंचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) हे उदाहरण घेतलं आहे, कारण याच चित्रपटाबद्दल सर्वांत जास्त चुकीची विधानं मी ऐकत आले आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी चौथ्या टप्प्यापर्यंत वाचून थांबावं, चित्रपट पाहावा आणि मग पुढचं वाचावं. पुढे शेवट सांगितलेला आहे.

## टप्पा १: कुठून सुरुवात करायची

‘जगातले सर्वश्रेष्ठ शंभर’ अशा याद्या हातात घेऊन वरून खाली उतरू नका. त्या याद्या समीक्षकांच्या पसंतीच्या असतात, शिकण्याच्या क्रमाच्या नसतात. मी नव्या माणसाला हा क्रम सांगते:

१. व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८). युद्धानंतरचं रोम, चोरीला गेलेली सायकल, ती शोधत फिरणारे बाप-लेक. लांबी दीड तासाच्या आतबाहेर. गोष्टीची ओढ इतकी पक्की आहे की तिचं बोट धरून रस्ते, गर्दी, चेहरे पाहायची सवय लागते.

२. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ (१९५५). इथे गोष्टीचा धागा सैल होतो. एक घर, त्यातली गरिबी, पाऊस, दोन मुलं. पुढे काय होणार यापेक्षा आत्ता काय चाललंय हे पाहायला लागतं.

३. ‘टोकियो स्टोरी’. गावातले म्हातारे आईबाप टोकियोतल्या मुलांना भेटायला येतात, एवढीच गोष्ट. इथे कॅमेऱ्याची हालचाल जवळजवळ काढून घेतली आहे आणि मोठे प्रसंगही पडद्यामागे ठेवले आहेत.

४. फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ आणि रशियन दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्हस्की यांच्याकडे त्यानंतर वळा. ब्रेसाँ नवख्या माणसांकडून भावदर्शन जवळजवळ पुसून काम करून घेत. आपण ज्याला अभिनय म्हणतो तो आधारही तिथे मिळत नाही.

प्रत्येक पायरीवर एकेक आधार सुटतो. सगळे आधार एकाच संध्याकाळी सोडले तर माणूस अर्ध्यात उठतो आणि ‘हे आपल्यासाठी नाही’ असं ठरवून टाकतो. आठवड्याला एक चित्रपट पुरे.

## टप्पा २: प्रत तपासा

या टप्प्याकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात आणि नुकसान इथेच सर्वांत जास्त होतं. एका घरगुती खेळात जुना चित्रपट आजच्या रुंद पडद्यावर ताणून लावला होता. अर्धा तास कुणाच्या लक्षात आलं नाही. नंतर एका सभासदाने लिहून आणलेल्या टिपणात वाक्य होतं: ‘दिग्दर्शकाने पात्रं मुद्दाम बुटकी आणि जड दाखवली आहेत.’ त्या बिचाऱ्याने प्रामाणिकपणे पाहिलं होतं. त्याला दाखवलंच चुकीचं होतं.

चित्रपट सुरू करण्याआधी पाच गोष्टी पाहून घ्या.

पडद्याचं प्रमाण. वर दिलेल्या पहिल्या तीनही चित्रपटांची चौकट जवळपास चौकोनी आहे, रुंदी उंचीच्या साधारण १.३७ पट. आजचा टीव्ही १.७८ पट रुंद असतो. म्हणजे दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसायलाच हवेत. पट्टे नसतील तर चित्र ताणलं तरी आहे किंवा वरखाली कापलं तरी आहे.

लांबी. ‘टोकियो स्टोरी’ १३६ मिनिटांचा आहे. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम्सनी, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी, चालतो. टीव्हीच्या पाल पद्धतीत तो २५ फ्रेम्सनी पळवला जातो, म्हणजे सुमारे ४ टक्के जास्त वेगाने. अशा प्रतीत तो सुमारे १३०-१३१ मिनिटांत संपतो आणि आवाजही जरा चढे होतात. एवढा फरक चालवून घेता येईल, पण १२० मिनिटांची प्रत दिसली तर ती कापलेली आहे. ती पाहू नका.

टीव्हीची सेटिंग्ज. ‘मोशन स्मूदिंग’ किंवा तशा नावाची सोय बंद करा. टीव्ही स्वतःच्या मनाने मधल्या फ्रेम्स घालतो आणि जुना चित्रपट मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो. काही टीव्हींत ‘फिल्ममेकर मोड’ असतो, तो सरळ चालू करावा.

सबटायटल्स. मधलाच एखादा संवाद लावून पाहा. ओठ हलतात तेव्हाच ओळ येते का? दोन माणसं बोलतात आणि खाली एकच तुटक ओळ येते, असं होतंय का? तसं असेल तर दुसरी प्रत शोधा. पात्रं एकमेकांना काय म्हणून हाक मारतात हे वाईट सबटायटल्समध्ये सर्वांत आधी गळतं, आणि कौटुंबिक चित्रपटात अर्धं नातं त्या हाकेतच असतं.

प्रतीची अवस्था. ‘टोकियो स्टोरी’चं मूळ निगेटिव्ह आगीत गेलं. राय यांच्या अपू-चित्रत्रयीची (‘पथेर पांचाली’ हा तिचा पहिला भाग) निगेटिव्ह्ज १९९३ मध्ये लंडनच्या लॅबमधल्या आगीत होरपळली आणि २०१५ मध्ये ती त्रयी नव्याने जतन होऊन आली. म्हणून ओरखडे, धूसरपणा, थरथरणारा प्रकाश हे सगळं दिग्दर्शकाच्या नावावर जमा करायचं नसतं. जतन केलेली प्रत मिळत असेल तर तीच पाहा.

> तपासा: चित्रात कुठेतरी गोल वस्तू शोधा. घड्याळ, ताट, चाक. ‘बायसिकल थीव्ह्ज’मध्ये सायकलचं चाक आहेच. ते अंड्यासारखं दिसत असेल तर चित्रपट तिथेच थांबवा आणि प्रमाण दुरुस्त करा.

## टप्पा ३: आधी वाचायचं ते चारच ओळी

देश, साल, दिग्दर्शक, आणि त्या काळाबद्दल एक वाक्य. ‘टोकियो स्टोरी’साठी माझं वाक्य असं: जपान १९४५ मध्ये युद्ध हरला, त्यानंतर आठ वर्षांनी आलेला चित्रपट. घरातला एक मुलगा युद्धात गेलेला आहे, त्याची बायको मागे आहे. एवढं ठाऊक असलं म्हणजे चित्रपट कळायला पुरतं.

समीक्षा, विश्लेषणाचे व्हिडिओ, ‘दहा गोष्टी ज्या तुम्हाला माहीत नसतील’ हे सगळं नंतर. आधी वाचलं की आपण चित्रपट पाहत नाही, वाचलेलं पडद्यावर सापडतंय का ते पाहतो. मग सापडलं की ‘वा!’ आणि नाही सापडलं की ‘कळलं नाही’. या दोन्ही प्रतिक्रिया आपल्या नसतात.

## टप्पा ४: बैठक आणि पहिलं पाहणं

जेवण आधी, पण नुकतंच नको. दिवे बंद, फोन दुसऱ्या खोलीत. फोन उलटा करून शेजारी ठेवणं पुरेसं नसतं, हात आपोआप तिकडे जातो. आवाज एवढा ठेवा की लांबून येणारा रेल्वेचा किंवा बोटीचा आवाजही ऐकू येईल. मध्ये थांबवायचं नाही. चहा हवा असेल तर थर्मासमध्ये आधीच भरून ठेवा.

पहिल्यांदा पाहताना काहीही लिहू नका. वहीकडे मान खाली गेली की तेवढा वेळ पडदा सुटतो.

कंटाळा येईल. तो येणं चूक नाही, त्या वेळी आपण काय करतो ते महत्त्वाचं. बहुतेक जण पुढच्या प्रसंगाची वाट पाहू लागतात. त्याऐवजी चौकटीचे चार कोपरे फिरून या. डावीकडे खाली काय आहे? दार उघडं आहे की लोटलेलं? कोण बसलंय, कोण उभं? मागून कुठला आवाज येतोय? एवढं होईपर्यंत बहुतेक वेळा कंटाळा ओसरतो. नाहीच ओसरला तर तो मिनिट लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो.

> सावध: पहिला दहा मिनिटांचा भाग ‘ओळख करून देणारा’ समजून हलक्यात घेऊ नका. या प्रकारच्या चित्रपटांत शेवटाचं सगळं सामान सुरुवातीलाच मांडून ठेवलेलं असतं.

## टप्पा ५: संपल्यावरची पंधरा मिनिटं

कुणाशीही बोलण्याआधी वही उघडा. आठवेल तेवढंच लिहा:

- पाच दृश्यं
- तीन आवाज
- न कळलेली एक जागा
- कंटाळा आलेली जागा

विशेषणं एकदम बंद. ‘अप्रतिम’, ‘संथ’, ‘काव्यात्म’, ‘वास्तववादी’, ‘हृदयस्पर्शी’, ‘अंतर्मुख करणारा’ हे सहा शब्द पहिल्या पानाच्या डोक्यावर लिहून त्यांच्यावर काट मारून ठेवा. गोष्टही लिहू नका. गोष्ट कुठेही मिळते. तुमच्या डोळ्यांत काय राहिलं ते मात्र दुसरीकडे मिळणार नाही, आणि उद्या सकाळी ते निम्मं उरलेलं असेल.

> तपासा: लिहिलेलं प्रत्येक वाक्य कुणाला चित्र काढून दाखवता येईल का? ‘म्हातारीचं एकाकीपण’ काढता येत नाही. ‘गवताच्या चढावर लहान नातू खेळतोय आणि आजी त्याच्याशी एकटीच बोलतेय’ हे काढता येतं.

## टप्पा ६: एकच प्रसंग, तीनदा

दोन-तीन दिवसांनी परत या. पूर्ण चित्रपट पुन्हा पाहायची गरज नाही. पाच मिनिटांचा एक प्रसंग निवडा आणि तो तीन प्रकारे पाहा.

पहिल्यांदा आवाज बंद करून. माणसं कुठे बसली आहेत, कोण कुणाकडे पाहतंय, कट कधी पडतो एवढंच. ‘टोकियो स्टोरी’त हे केलं की दोन गोष्टी लगेच दिसतात. कॅमेरा फार खाली आहे, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्याही किंचित खाली. आपल्या घरांतही पंगत जमिनीवर बसायची, त्यामुळे ही उंची आपल्याला परकी वाटायला नको. आणि दोन माणसं बोलत असताना प्रत्येक जण जवळपास सरळ आपल्याकडे पाहून बोलतो. नेहमीच्या चित्रपटात आपण बोलणाऱ्यांच्या खांद्यामागून डोकावतो. ओझू आपल्याला त्या दोघांच्या मधोमध बसवतात.

दुसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून. नुसतं ऐका. ओनोमिची या समुद्रकाठच्या गावातल्या घरात बोटीच्या इंजिनाची टुकटुक ऐकू येते. ती सुरुवातीला आहे आणि शेवटीही आहे. ‘पथेर पांचाली’साठी हा प्रयोग करायचा असेल तर मुलांचा बाप हरिहर घरी परत येतो तो प्रसंग घ्या. मुलगी दुर्गा गेली हे त्याला ठाऊक नाही. तो आणलेल्या वस्तू एकेक करून बायकोला, सर्बजयाला, दाखवतो आणि शेवटी दुर्गासाठी आणलेली साडी पुढे करतो. सर्बजया कोसळते, पण तिचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. त्या जागी तारशहनाई या तंतुवाद्याचा टाहो येतो. हे पाहताना शंभरातल्या नव्वद जणांना ‘ती रडली’ असंच आठवतं. काय ऐकलं हे पाठ फिरवल्यावरच कळतं.

तिसऱ्यांदा घड्याळ लावून. शॉट, म्हणजे एका कटपासून पुढच्या कटपर्यंतचे तुकडे, मोजा आणि प्रत्येकाचे सेकंद लिहा. ‘संथ’ या शब्दाचा इथे निकाल लागतो. लोक समजतात तसे ‘टोकियो स्टोरी’चे शॉट फार लांब नाहीत. मग तो संथ का वाटतो? कारण माणूस खोलीत येण्याआधीच खोली दिसते आणि तो निघून गेल्यावरही ती थोडा वेळ दिसत राहते. तारकोव्हस्कींचा संथपणा वेगळा. तिथे एकच शॉट मिनिटामिनिटांनी लांबत जातो आणि वेळ आपल्यासमोर प्रत्यक्ष सरकते. या दोन्हींना एकच शब्द वापरला तर आपण काहीच सांगितलं नाही.

आता एक जोडी तपासून पाहू. ‘टोकियो स्टोरी’च्या सुरुवातीला म्हातारा शुकिची आणि त्याची बायको तोमी प्रवासाची बांधाबांध करत शेजारी शेजारी बसले आहेत. हवेची उशी सापडत नाही. तो म्हणतो तुझ्याकडे दिली होती, ती म्हणते इकडे नाही. मग ती त्याच्याच सामानात निघते. वाद नाही, माफी नाही, इतक्या वर्षांच्या संसारात असं हजारदा झालं असणार. खिडकीतून शेजारीण डोकावते आणि दोन शब्द बोलून जाते. शेवटी त्याच खोलीत शुकिची एकटा पंख्याने वारा घेत बसला आहे. तीच शेजारीण, तीच खिडकी. त्याच्या शेजारची जागा रिकामी आहे आणि बाहेर बोटीची टुकटुक आहे.

हे दोन प्रसंग पाठोपाठ लावून पाहिले नाहीत तर शेवट ‘हळवा’ वाटतो. पाहिले तर कळतं की शेवटी नवं असं काहीच दाखवलेलं नाही, फक्त एक माणूस काढून घेतला आहे.

## टप्पा ७: काय गाळलंय ते शोधा

कागदाचे दोन भाग करा. डावीकडे गोष्टीत घडलेल्या मोठ्या घटना, उजवीकडे त्यांतल्या पडद्यावर दिसलेल्या. ‘टोकियो स्टोरी’त टोकियोला जातानाचा प्रवास उजवीकडे नाही. परतीच्या वाटेवर तोमीची तब्येत बिघडते, तेही ओसाकातल्या मुलाच्या बोलण्यातून कळतं. ती पहाटेपर्यंत तग धरणार नाही असं डॉक्टर मुलगा सांगतो, मग गावातली सकाळ दिसते आणि पुढच्या वेळी तिच्या चेहऱ्यावर कापड असतं. मृत्यूचा क्षण नाहीच.

यादी तयार झाली की विचारा: हे गाळल्यामुळे मी काय जास्त पाहिलं? माझं उत्तर असं की रडारडीचे प्रसंग गेल्यामुळे माणसं एकमेकांशी रोजचं कसं वागतात तेवढंच हातात राहिलं. तुमचं उत्तर वेगळं असू शकेल, पण ते या यादीवरूनच यायला हवं.

## टप्पा ८: आता मत

तीन प्रश्न, याच क्रमाने. चित्रपटाला काय करायचं होतं? त्यासाठी त्याने काय केलं? ते जमलं का, आणि त्यासाठी काय गमावलं? ‘मला आवडला का’ हा चौथा प्रश्न, आणि तो वेगळ्या ओळीत. न आवडलेला चित्रपट उत्तम असू शकतो, आवडलेला कच्चा असू शकतो. हे दोन्ही लिहायची मुभा स्वतःला द्या.

मत झालं की त्याच्या विरुद्धचा एक पुरावा चित्रपटातच शोधा. इथे आपले प्रेक्षक ठरलेली चूक करतात: आईबापांना विचारत नाहीत म्हणून मुलं कृतघ्न, असा निकाल देऊन मोकळे होतात. आपल्या नाटक-सिनेमांतल्या कृतघ्न मुलांची इतकी सवय आहे की तोच साचा इथे बसवला जातो. थोरली मुलगी शिगे आई गेल्यावर लगेच तिचे कपडे आठवण म्हणून मागते, हा त्यांचा पुरावा. पण आई वाचणार नाही हे कळल्यावर हमसून रडते तीसुद्धा शिगेच. आणि धाकटी बहीण क्योको भावंडांवर चिडते तेव्हा तिला समजावते ती नोरिको, युद्धात गेलेल्या मुलाची बायको: मुलांचे आपापले संसार होतात, माणसं दुरावतात. निकाल देण्याआधी या तीनही जागा हिशेबात धरा.

अभिजात म्हणून दोष काढायचा नाही, असं मुळीच नाही. नोरिको फारच आदर्श सून आहे, ही तक्रार मी अनेकदा ऐकली आणि मलाही ती बरीच वर्षं होती. तक्रार लिहा आणि चित्रपटाने तिला उत्तर दिलंय का ते पाहा. शेवटाकडे नोरिको सासऱ्यांना स्वतःच सांगते की तुम्ही समजता तेवढी मी चांगली नाही, गेलेल्या नवऱ्याची आठवण येत नाही असेही दिवस जातात. एवढं उत्तर पुरतं का? मला पुरतं. तुम्हाला पुरत नसेल तर का, ते लिहा.

दोन नमुने शेजारी ठेवते.

*कच्चं:* वृद्धांची व्यथा दिग्दर्शकाने संथ पण हृदयस्पर्शी पद्धतीने मांडली आहे.

*पक्कं:* सुरुवातीला हवेची उशी शोधताना दोघं शेजारी बसलेले दिसतात. शेवटी तो तिथेच एकटा पंखा हलवतो. उशी कुठे ठेवली हे विचारायला आता कुणी नाही, हे त्या रिकाम्या जागेवरून कळलं, संवादावरून नाही.

> तपासा: तुमच्या टिपणातलं चित्रपटाचं नाव झाकून ते दुसऱ्या एखाद्या चित्रपटाला लावून पाहा. तसंच लागू पडलं तर ते पुन्हा लिहायला घ्या.

## टप्पा ९: समीक्षा, चर्चा आणि महोत्सव

समीक्षा आता वाचा. ज्या जागा तुमच्या नोंदीत नाहीत त्यांवर खूण करा आणि चित्रपटात जाऊन त्या स्वतः पाहा. समीक्षकाने लिहिलंय म्हणून मान्य करू नका.

गट शोधायचा तर मुंबईत १९६८ पासून चालू असलेलं प्रभात चित्र मंडळ आहे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि तिथली चित्रपट रसास्वादाची शिबिरं हौशी माणसांसाठीही असतात. जवळ काहीच नसेल तर चार जणांचा गट पुरतो. चर्चेचा एकच नियम पाळा: पहिल्या फेरीत प्रत्येकाने एक दृश्य सांगायचं, मत नाही. मतं दुसऱ्या फेरीत. एवढ्या एका बदलाने आमच्या गटातली शांत बसणारी माणसं बोलायला लागली.

पुण्याच्या महोत्सवात किंवा गोव्याच्या इफ्फीत (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) दिवसाला पाच चित्रपट पाहण्याची चढाओढ लागते. तिसऱ्यानंतर माणूस पाहत नाही, फक्त बसतो. दिवसाला तीन, आणि प्रत्येकानंतर वहीची पंधरा मिनिटं, त्यासाठी रांगेतली जागा गेली तरी चालेल. पानावर तारीख घाला आणि पुढे वर्षभराने तोच चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा जुनं पान न उघडता नवीन पाच दृश्यं आधी लिहून काढा.